ऑइल वाढलंय? काकांना विचारा

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक काका असे सापडतात की त्यांना शेजाऱ्याचं नाव आठवत नाही, पण त्याच्या गाडीत कोणत्या ग्रेडचं ऑइल आहे ते पाठ असतं. काका निवृत्त असतात. कुणी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून, कुणी टेल्कोतून, कुणी बँकेतून. पैकी बँकेतल्यांना आपल्या निदानाची खात्री सर्वांत जास्त. सकाळचं फिरणं आटोपलं की जुन्या बनियनचा फडका खिशात घालून ते पार्किंगमध्ये रेंगाळतात. कुणाचं बॉनेट उघडलं की कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर येतो.

बाकीच्या जगाला ऑइल कमी झालं की धास्ती वाटते, काकांना ते वाढलं की.

त्यांचं म्हणणं बिनतोड असतं. इंजिनात तेल आपसूक तयार होत नाही. पातळी वाढली म्हणजे दुसरं काहीतरी आत शिरलं. पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ होतं. पेट्रोल शिरलं असेल तर ते पातळ होतं आणि वास मारतं. हे ज्ञान काकांना त्यांच्या प्रीमियर पद्मिनीने दिलं. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असे. त्याच्यातला पडदा फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जायचं सोडून थेट चेंबरमध्ये उतरायचं. पद्मिनी गेली, पंप टाकीत गेला, पण काकांचं नाक जागेवरच राहिलं.

परवा सी विंगमधला आयटीतला तरुण आनंदात सांगत आला, "काका, सर्व्हिसिंगवाल्याने या वेळी ऑइल भरभरून घातलंय. मॅक्सच्या वर बोटभर आहे."

"गाडी सपाटीवर आहे? इंजिन बंद करून दहा मिनिटं झाली?" दोन्हीला हो आल्यावर काकांनी डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. आधी उजेडात धरली, मग नाकाशी. थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला आणि एक थेंब पेपरच्या छोट्या जाहिरातींवर टाकला. काळा ठिपका 'वधू पाहिजे'वर थांबला. त्याच्याभोवतीचं पिवळट ओलं कडं मात्र सरकत सरकत 'फ्लॅट विकणे'पर्यंत गेलं.

ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, हे काकांनाही ठाऊक आहे. प्रयोगशाळा तेलाचा फ्लॅश पॉइंट बघते. ताज्या इंजिन ऑइलच्या वाफा २०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय सहसा पेट घेत नाहीत, पेट्रोलच्या शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही घेतात. त्यामुळे तेलात थोडं पेट्रोल मिसळलं तरी हा आकडा घसरतो. पण प्रयोगशाळा पैसे घेते आणि उलटतपासणी करत नाही. काकांचं नेमकं उलटं आहे.

"ऑफिस?"

"घरूनच."

"मग गाडी जाते कुठे?"

"मुलाला शाळेत सोडायला. दीड किलोमीटर."

"आणखी?"

तरुण जरा घुटमळला. "जिमला."

"ते कोपऱ्यावरचं?"

मागे उभ्या असलेल्या बायकोने या माहितीची शांतपणे नोंद घेतली.

थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं सगळं काही जळत नाही; उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये झिरपतं. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहिलं तर पेट्रोलची वाफ होते, ती इंजिनच ओढून जाळून टाकतं. दीड किलोमीटरमध्ये ऑइल कोमटसुद्धा होत नाही. रोज थोडं पेट्रोल आत जातं आणि बाहेर काहीच पडत नाही. पातळ झालेलं ऑइल मग क्रँकच्या बेअरिंगना हवं तसं सांभाळू शकत नाही.

२०१८ साली चीनमध्ये होंडाच्या १.५ लिटर टर्बो गाड्यांबाबत हीच तक्रार थंड प्रदेशांतून आली आणि कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ही हकीकत काका अशा सुरात सांगतात की होंडाने आधी त्यांना फोन केला होता, असं वाटावं.

डिझेलवाल्यांसाठी त्यांचं वेगळं व्याख्यान आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ सर्रास बसू लागला. साठलेली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन उशिराने जादा डिझेल फवारतं. हे काम अर्धवट असताना मालक घरी पोचून किल्ली फिरवतो. असं वारंवार झालं की डिझेल चेंबरमध्ये साठतं, आणि ते पेट्रोलसारखं सहज उडून जात नाही. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. हा भाग काका संध्याकाळी पोरांना भुताच्या गोष्टीसारखा रंगवून सांगतात. ए विंगमधल्या एका एसयूव्हीवाल्याने तो ऐकल्यापासून पार्किंगची जागा बदलून घेतली आहे.

तरुणाची तपासणी अजून संपली नव्हती. "टेम्परेचरचा काटा मध्यावर येतो का?"

"नाही काका, गाडी एकदम थंड असते. मागच्या उन्हाळ्यात गरम व्हायची, तर एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढूनच टाकला."

काकांनी डोळे मिटले. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला तापायला फार वेळ लागतो. गार इंजिन बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. नुसतं ऑइल बदललं असतं तर महिन्याभरात ते पुन्हा वर आलं असतं. म्हणून काकांनी क्रम लिहून दिला. नवा थर्मोस्टॅट. गाडी आधी गरम का व्हायची, याचा शोध. प्लग आणि नोझलची तपासणी, नोझल गळका असेल तर दुरुस्ती. मग ऑइल आणि त्याबरोबर फिल्टरही, आणि भरताना मॅक्सच्या आत. शेवटी, दर रविवारी गाडी खेड शिवापूरपर्यंत नेऊन आणणे.

या शेवटच्या कलमामुळे सोसायटीतली निम्मी कुटुंबं रविवारी इंजिनाच्या प्रकृतीसाठी हायवेवर मिसळ खायला जातात. तरुणाची पातळी महिनाभर मॅक्सच्या खाली आहे. जिमला तो आता चालत जातो. ते मात्र काकांनी सांगितलेलं नाही.

काकांची कीर्ती पसरल्यावर शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले. म्हणाले, "आमचं ऑइल वाढत नाही हो, उलट कमी होतंय. मागून निळा धूर येतो."

काकांनी फडका घडी करून खिशात ठेवला. "मग बी विंगमधल्या काकांकडे जा," ते म्हणाले, "धूर ते बघतात."