आधी सरकारी भिंत पाडा

समुद्रकिनारा वाचवायचा असेल, तर बुलडोझर सगळ्यात आधी सरकारच्याच दारात उभा राहिला पाहिजे. तोही सत्ताबदलाच्या जोशात नको. विधिमंडळाने मंजूर केलेल्या कायद्याने तो यावा.

कायद्याशिवाय काय होतं, ते आंध्र प्रदेशात दिसलं. कृष्णेच्या काठी उंडवल्लीला ‘प्रजा वेदिका’ हे सरकारी सभागृह चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने २०१७ मध्ये बांधलं होतं. जून २०१९ मध्ये नवे मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डी यांनी तिथेच जिल्हाधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि भर बैठकीत जाहीर केलं, की हे सभागृह नदीकाठचे नियम मोडून उभं आहे, पाडकामाची सुरुवात इथूनच होईल. दुसऱ्याच दिवशी यंत्रं आली. सरकारने नियम स्वतःला लावला, इथवर बरोबरच झालं. पण पाडलेल्या सभागृहाचा मलबा वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला. सभागृह गेलं, काठ मात्र नदीला परत मिळाला नाही.

त्याच सरकारने विशाखापट्टणमला काय केलं? ऋषिकोंडा ही ऐन समुद्रावरची टेकडी. तिथलं पर्यटन महामंडळाचं जुनं रिसॉर्ट पाडलं, टेकडी खरवडली आणि चारशे कोटींहून जास्त खर्चून आलिशान इमारती उठवल्या. प्रकरण हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२४ मध्ये सरकार बदललं तेव्हा त्या इमारती वापराविना पडून होत्या. नदीकाठी नियम दाखवणारं सरकार समुद्रकाठी स्वतःच टेकडी फोडत होतं. पाडणं आणि बांधणं हे दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर सोडलं, की असंच होणार.

मग नियम काय म्हणतात? किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९९१ची. शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ अशा सार्वजनिक वापराच्या इमारती पाडून पुन्हा बांधायच्या तर केंद्राची मंजुरी घ्या, असं २०११ची अधिसूचना सांगत होती. म्हणजे पाडून बांधण्याचा रस्ता तिने आखून दिला. पण समुद्र उंबऱ्याशी आल्यावर सरकारी इमारतीने जागा सोडलीच पाहिजे, असं बंधन कुठेही नाही. धोक्याची रेषा आखायची कल्पनाही त्याच अधिसूचनेत होती. पूर, धूप आणि वाढती समुद्रपातळी यांचा हिशेब करून समुद्र कुठवर येऊ शकतो, ते सांगणारी ही रेषा. २०१९च्या अधिसूचनेने तिला आपत्ती नियोजनापुरतं ठेवलं, बांधकामाशी तिचा संबंध तोडला. शिवाय दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्र पुढे सरकत असताना आपण नियम मागे घेतले.

आता कोकणात या. किनाऱ्यालगत रस्ता किंवा विश्रामगृह बांधायचं, चार पावसाळ्यांनी उधाणाचं पाणी पायाशी आलं की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची निविदा काढायची, हा ठरलेला क्रम आहे. काळे दगड ओतले जातात, छायाचित्रं निघतात. पण लाट दगडावर आपटून परतते ती समोरची वाळू ओढूनच. बंधारा जिथे संपतो तिथे धूप आणखी जोर धरते आणि शेजारच्या वाडीची पुळण जाते. पुळण गेली की रापण ओढायला जागा उरत नाही, होडी वर घ्यायला जागा उरत नाही, मासळी वाळवायला जागा उरत नाही. म्हणजे सरकारी भिंत वाचवायची आणि तिची किंमत कोळ्याने मोजायची. हा उघड अन्याय आहे.

दुसरा मार्ग आहे. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्याने किनाऱ्यावर पक्के बंधारे घालायला १९८५ पासून बंदी केली आणि २००३ मध्ये तिचा कायदा केला. तिथलंच केप हॅटरसचं दीपगृह १८७० साली उभं राहिलं तेव्हा समुद्रापासून सुमारे १५०० फूट दूर होतं. पुढे लाटा पायथ्याशी आल्या. भिंत घालून ते राखावं अशी मागणी करणारे तिथेही होतेच. पण १९९९ मध्ये सुमारे ४८०० टनांचं ते अख्खं दीपगृह पायातून सोडवून, रुळांवरून २९०० फूट मागे नेलं. सरकारी मालकीची इतकी अवजड इमारत मागे सरकू शकते, तर तालुक्याच्या गावचं विश्रामगृह का नाही?

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हे कायद्यात लिहावं. धोक्याच्या रेषेच्या आत असलेल्या प्रत्येक सरकारी इमारतीची यादी जाहीर करा. त्या पट्ट्यात जेटी, मासळी उतरवण्याचे धक्के आणि दीपगृहं सोडून नवं सरकारी बांधकाम बंद. केवळ इमारत वाचवण्यासाठी बंधारा नको. ती हलवण्याची किंवा पाडण्याची तारीख ठरवा, केंद्राची मंजुरी लागेल तिथे वेळेत मागा. मलबा उचलून पुळण मोकळी केल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका. शाळा आणि दवाखाना पाडण्याआधी नवी जागा गावातच, चालत जाता येईल इतक्या अंतरावर उभी असली पाहिजे. कोळीवाड्यातल्या घरांना हात लावण्याचा प्रश्न सरकारने स्वतःची यादी संपवल्याशिवाय काढूच नये.

कोळ्याने पडवी वाढवली की कागद विचारणाऱ्या सरकारने आधी स्वतःचे कागद गावासमोर ठेवावेत. येत्या अधिवेशनात किनाऱ्यावरच्या प्रत्येक आमदाराने एवढंच विचारावं: माझ्या मतदारसंघात धोक्याच्या रेषेच्या आत किती सरकारी इमारती आहेत, आणि त्या कधी हलणार? उत्तर लेखी घ्यावं, तारखेसह.