पोहोच घेतलीत का?

विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांची यादी कधी हाती लागली तर शांतपणे वाचा. आमदार विचारतो : अमुक गावात अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर मंत्र्यांचं उत्तर असतं : हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. आणि शेवटच्या ओळीत ते तीन शब्द : प्रश्न उद्भवत नाही.

मला या तीन शब्दांचा राग येतो. विलंब झालाच नाही, असं सरकारनं स्वतःच ठरवून टाकलं की कारणं सांगायची वेळच येत नाही. ज्या बाईनं रात्री दोनला उठून हंडे भरले, तिला कुणी विचारत नाही. तिच्या घरात प्रश्न रोज उद्भवतो, मंत्रालयात मात्र उद्भवत नाही.

आमच्या भागातल्या बायकांनी पाण्याचा अर्ज लिहिला तेव्हा मी त्यांच्यात बसलो होतो. वहीचं जोडपान. वर ‘प्रति, माननीय’, विषयाखाली लाल रेघ. सह्या करणाऱ्या पीठाचे हात पदराला पुसून पुढे येत होत्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे जांभळ्या शाईत उमटले. एका मावशीचा अंगठा भांडी घासून इतका झिजला होता की कागदावर रेषाच उठेनात. तिनं तीनदा दाबला. तो अर्ज कचेरीत गेला. तिथे ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर मिळत राहिलं. बायका परत आल्या की मावशी एकच विचारायची, ‘पोहोच घेतलीत का?’ आयुष्यभर सरकारी खिडक्यांपुढे उभं राहून तिला एवढं कळलं होतं की शिक्का मारलेली प्रत हातात नसेल तर आपण अर्ज केलाच नव्हता.

मग तो कागद विरोधी बाकावरच्या एका आमदाराकडे गेला. भाषण न करता त्यांनी वही काढली आणि विचारलं, ‘पाणी कोणत्या वारी येतं? किती वेळ? व्हॉल्व्ह कोण सोडतं?’ पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न लागला. लेखी उत्तर ठरलेलंच, अंशतः खरे आहे. पण तारांकित प्रश्नाची ताकद उपप्रश्नात असते. आमदार उठले आणि म्हणाले, ‘काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार, तेवढं सांगा.’ मंत्र्यांकडे तारीख नव्हती. प्रश्न राखून ठेवला गेला. आठवड्याच्या आत अभियंता आमच्या गल्लीत व्हॉल्व्हवर वाकून उभा होता. पाणी आजही दिवसाआड येतं, पण येतं.

सत्ताधारी बाकावरचे आमदारही अर्ज घेतात, कामं करतात, हे मान्य. पण त्यांना संध्याकाळी त्याच मंत्र्याच्या दालनात निधीचं पत्र घेऊन जायचं असतं. दुपारी सभागृहात त्याला तारीख विचारून अडवणं त्यांना परवडत नाही. ते काम विरोधकाचंच आहे, आणि त्यासाठी लोक त्याला निवडून देतात.

हा कागद आत नेणारं कुणी नसलं की काय होतं, ते नागपूरला विचारा. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून हजारो गोवारी विधानभवनाच्या दिशेनं आले होते. गुरं राखणारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. दिवसभर ते रस्त्यावर थांबले. त्यांचं निवेदन घ्यायला सरकारातलं कुणी बाहेर आलं नाही. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांचा लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ माणसं मेली. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. सीताबर्डीत त्यांचं स्मारक आहे. रस्ता आणि सभागृह यांत अंतर थोडंसं होतं. एक कागद हातात घ्यायला तेवढं चालत येणारा मंत्री त्या दिवशी निघाला नाही. ज्यांना मोर्चे म्हणजे वाहतुकीचा खोळंबा वाटतो, त्यांनी त्या स्मारकापुढे पाच मिनिटं उभं राहावं.

आता दुसरी बाजू. गोरेगावच्या मृणाल गोरे. पाण्यासाठी झगडल्या म्हणून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं, महागाईविरुद्ध त्यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं विधानसभेतलं एक काम मात्र कमी सांगितलं जातं. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेच्या नावाखाली मुली पोटातच मारल्या जात होत्या. स्त्री-संघटना ओरडत होत्या, निवेदनं देत होत्या. मृणालताईंनी ते म्हणणं उचललं आणि १९८६ मध्ये त्यावर अशासकीय विधेयक मांडलं. विरोधी बाकावरच्या बाईचं विधेयक, म्हणजे मंजुरीची आशा जवळपास नाहीच. पण विषय सभागृहाच्या पटलावर आला, सरकारला तोंड द्यावं लागलं, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशातला पहिला. केंद्राला तो करायला १९९४ उजाडलं.

त्या वेळी त्यांच्या जनता पक्षाचं बळ किती होतं? १९८५ च्या निवडणुकीत २८८ पैकी २० आमदार. शरद पवारांचा पक्ष १९८६ च्या शेवटी काँग्रेसमध्ये गेल्यावर विरोधी पक्षनेतेपद या छोट्या पक्षांकडेच आलं. आधी जनता पक्षाचे निहाल अहमद, मग शेकापचे दत्ता पाटील, मग स्वतः मृणालताई. शेकापचे तर त्या निवडणुकीत १३ च निवडून आले होते. एकदशांश सदस्य नाहीत म्हणून पद देता येत नाही, असं तेव्हाच्या महाराष्ट्राला वाटलं नाही.

आणि आज? २०२४ च्या निकालात विरोधकांतला सगळ्यात मोठा पक्ष, उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना, तीही नेमकी २० वर. आता मात्र २९ चा आकडा पुढे केला जातो. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं. २०१५ साली दिल्लीत ७० पैकी ६७ जागा जिंकलेल्या पक्षाच्या राज्यात तीन आमदारांच्या भाजपचे विजेंदर गुप्ता विरोधी पक्षनेते झाले होते. मग इथे कुणाचं काय अडलं?

कुणी म्हणेल, पद गेलं तर गाडी गेली, बंगला गेला, लोकांना काय? लोकांनाच. राज्याचा मुख्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत तिघं असतात : मुख्यमंत्री, त्यांनी नेमलेला एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता. मान्यता मिळालेला विरोधी पक्षनेता नसेल, तर सगळ्यात मोठ्या विरोधी गटाचा नेताच तिथे धरावा, असं माहिती अधिकार कायद्यातच लिहिलंय. ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांना कळत होतं की आकडे कमी असले तरी समोर कुणीतरी बसलेलं लागतं. विनंती अर्ज समिती आहे, आश्वासन समिती आहे, सगळं आहे. पण मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पुढच्या अधिवेशनात कागद नाचवून विचारायचा, तर त्या आवाजाला सभागृहात मान हवा.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरच्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पुन्हा बाया बॅरिकेडला टेकून बसतील. आशा ताई येतील, अंगणवाडीच्या येतील, मेंढरं-गुरं सोडून कुणी येईल. प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज, सोबत त्याची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर शिक्का मिळेतो जागचं हलायचं नाही हा निश्चय. अध्यक्ष महोदय, ती माणसं नागपुरात पोहोचायच्या आत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची भरा.