कंपनी गुंडाळू पाहणाऱ्या धनकोस अनावृत पत्र

रा. रा. धनको महाशय यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

येणे बाकी वसूल करावयाची तर दिवाणी दावा लावावा, रकमेच्या मानाने कोर्ट-फी भरावी, खातेवह्या हजर कराव्यात, उलटतपासणीस उभे राहावे आणि हुकूमनामा झाल्यावर दरखास्तीसाठी पुनश्च खेटे घालावेत, या सामान्यजनांच्या मंदगती मार्गाचा त्याग करून आपल्या पेढीने ‘ही ऋणको कंपनीच गुंडाळून टाकावी’ अशी प्रार्थना न्यायासनापुढे करण्याचा जो राजमार्ग पिढ्यान्‌पिढ्या अनुसरला, त्याबद्दल आपले जाहीर अभिनंदन करावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या वडिलांच्या काळी कायदाही मोठा दयाळू होता. 1956 च्या कंपनी कायद्यान्वये 500 रुपयांहून अधिक येण्याची मागणी नोंदणीकृत कचेरीत पोहोचवावी, तीन आठवडे वाट पाहावी, आणि तेवढ्यात दाद न लागली की कंपनी कर्ज फेडण्यास असमर्थ आहे असे गृहीत धरले जाई. खरी करामत मात्र अर्जात नव्हती, अर्जाच्या जाहिरातीत होती. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर-दाखल्यांच्या सूचनेशेजारी, ती चार ओळींची नोटीस झळकली की बँकेचा मॅनेजर हिशेबनिसाला खुर्ची देई, चहाही पाजी, पण पगाराचा चेक काही वटवीत नसे. कारण अर्ज दाखल झाल्यानंतर कंपनीने केलेली देवघेव, पुढे हुकूम झालाच तर, न्यायालयाच्या मंजुरीवाचून रद्दबातल ठरण्याचे भय! धडधाकट कारखान्यालाही पंधरवड्यात धाप लागे, आणि तंट्यातली बाकी निमूटपणे आपल्या तिजोरीत येई.

प्रामाणिक तंटा असलेले कर्ज वसूल करण्याचे हे साधन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली बजावले. अर्ज म्हणजे प्रक्रियेचा दुरुपयोग असेल तर त्याची जाहिरातच रोखता येते, असेही 1967 मध्ये सांगितले. आपल्या वकीलसाहेबांनी हे निवाडे वाचले असणारच. न वाचल्याचा अभिनय त्यांना उत्तम साधतो.

मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. देवापुढे हात जोडणारा भक्त देव पावावा म्हणून हात जोडतो. आपण मात्र प्रार्थना मान्य झालीच तर सर्वांहून अधिक हवालदिल होणार! कंपनी खरोखर गुंडाळली गेली की तारणदार बँका, कामगार आणि सरकारी देणी यांच्या मागे, बिनतारणी धनकोंच्या रांगेत, आपण रुपयातल्या किती पैशांची वाट पाहात उभे राहणार? शिवाय असा अर्ज नाममात्र का होईना, सकल धनकोंच्या वतीने असतो. चेक हाती पडताच आपण तो मागे घेऊ लागावे आणि दुसऱ्याच धनकोने तो पुढे चालविण्यास उभे राहावे, अशीही तरतूद नियमांत होती.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने आपल्यासारख्यांचा मुक्काम उच्च न्यायालयातून न्यायाधिकरणात हलविला, 2020 पासून थकबाकीची किमान मर्यादा 1 कोटी झाली, आणि दुष्ट हेतूने अर्ज करणाऱ्यास 1 लाखापासून 1 कोटीपर्यंत दंडाचे कलमही आले. आपण मुद्दलात व्याज कालवून ती वेस ओलांडलीत, असे ऐकतो.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. सुताच्या गाठी उतरवून घेताना गोदामाच्या कारकुनाने आपल्या चलनावर ‘माल भिजलेला, हरकत राखून घेतला’ असा शेरा मारून आपल्याच माणसाची सही घेतली होती. अर्जासोबतच्या कागदांत ते चलन नजरचुकीने राहिलेले दिसते. नक्कल सोबत जोडली आहे.