दारावरचं नाव

बर्लिनमध्ये घराला नंबर नसतो. इमारतीला असतो, आतल्या बिऱ्हाडाला सहसा नसतो. रस्त्यावर तोंड करून उभी असलेली पाच मजली इमारत, तिला चिकटलेली बाजूची अंगं, मधे चौक, चौकापलीकडे आणखी एक इमारत, आणि या सगळ्यात तुमचं घर कोणतं हे सांगणारी खूण एकच: खाली मुख्य दाराशी बेलच्या बटणाशेजारची नावाची चिठ्ठी. चिठ्ठी आहे तोवर तुम्ही आहात. ती गळून पडली की पोस्टमन तुमचं पत्र 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शेरा मारून परत धाडतो. तुम्ही वर खिडकीत उभे राहून त्याच्याकडे बघत असलात तरी.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडे पत्ता म्हणजे छोटेखानी प्रवासवर्णन. भिकारदास मारुतीवरून सरळ या, वाडा पाडून झालेली सोसायटी दिसेल, तिथे कुणालाही विचारा. शहरभर जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा अशी मंडळी पत्ता सांगायच्या कामी लागलेली आहेत. घराचा नंबर चुकेल, आडनाव चुकेल, पण मारुती चुकत नाही.

त्यामुळे दिवाळीचा फराळ पाठवायला आईने पत्ता विचारला, तेव्हा फोनवर बराच वेळ गेला.

"फ्लॅट नंबर?"

"नाहीये."

"अजून मिळाला नाही का?"

"नसतोच गं इथे. नुसतं नाव लिही."

"नुसत्या नावावर डबा पोचायला तू काय तिथली कलेक्टर आहेस?"

इमारतीच्या नंबरानेही तिचं समाधान झालं नसतं. बर्लिनमध्ये इमारतींना नंबर द्यायला १७९९ साली सुरुवात झाली. रस्त्याच्या एका बाजूने एक, दोन, तीन करत टोकापर्यंत जायचं आणि दुसऱ्या बाजूने मोजत परत यायचं, अशी ती पद्धत. जुन्या रस्त्यांवर ती अजून टिकून आहे. त्यामुळे पाच नंबरच्या समोर सहा असेल असं समजून रस्ता ओलांडावा, तर समोर शंभराच्या पुढचा आकडा दिसतो. इथला सगळ्यात मिरवणारा रस्ता कुरफ्युर्स्टनडाम, तो तर चक्क अकरापासून सुरू होतो. सुरुवातीचा तुकडा १९२५ मध्ये दुसऱ्या नावाच्या रस्त्यात गेला, तो आपले नंबर घेऊन गेला, आणि उरलेल्यांनी पुन्हा एकपासून मोजायची तसदी घेतली नाही.

चौकामागे चौक ही रचनाही जुनीच. एकोणिसाव्या शतकात शहर फुगत होतं आणि कारखान्यांतल्या कामगारांना खोल्या हव्या होत्या. बांधणाऱ्यांवर १८५३ सालचा एक नियम होता: आगीचा बंब वळावा म्हणून चौक किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद हवा. बंबापुरती जागा सोडून बाकी सगळीकडे माणसं भरली गेली. माझं घर अशाच एका चौकाच्या मागच्या अंगाला आहे. बंब येईल याची खात्री असल्यामुळे फोडणी निर्धास्तपणे करते.

नाव लावणं हा इथे गृहप्रवेशाचा खरा विधी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारदरबारी नोंद करायची असते आणि त्यासाठी 'ही बाई माझ्या जागेत राहायला आली आहे' असं घरमालकाचं पत्र लागतं. नोंद झाली की पुढची पत्रं आपसूक येऊ लागतात. त्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही असतं: घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. शहराने आपली दखल घेतल्याचा आनंद त्या पत्राने होतो आणि रक्कम वाचून ओसरतो.

माझं आडनाव सहस्रबुद्धे, नवऱ्याचं देशमुख. दोन्ही नावं त्या बोटभर चौकटीत बसवायची म्हणजे अक्षरं मुंगीएवढी झाली. इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी मात्र एक अक्षर न विचारता पाटी करून आणली. जर्मन माणूस लांबलचक शब्दाला घाबरत नाही, त्याच्या घरात त्याहून लांब शब्द रोज वापरात असतात.

ही नावं म्हणजे खासगी माहिती उघड्यावर टांगणं नाही का, असा प्रश्न २०१८ मध्ये युरोपात निघाला होता. व्हिएन्नाच्या महापालिकेने आपल्या सुमारे २,२०,००० घरांच्या बेलवरची नावं काढून तिथे नंबर लावायचं ठरवलं. जर्मनीतही थोडी धावपळ झाली, मग नावं जागच्या जागी राहिली. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारी ही माणसं आडनाव मात्र रस्त्यावर लावून ठेवतात.

आईला बर्लिनचा आधार एकच, इरावतीबाई कर्वे. त्यांचं 'युगान्त' तिच्या उशाशी असतं. "त्या होत्या ना तिथे? मग त्यांना पत्रं कशी जायची?" इरावतीबाई १९२८ ते १९३० इथे होत्या. डालेम भागातल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत त्यांनी डॉक्टरेट केली. ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे विद्यापीठ आहे. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी आणि वरचढ असते, या समजुतीला पुरावा मिळावा अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्यात काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. ज्या शहराला प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी चिकटवायची हौस, तिथे येऊन 'ही चिठ्ठी इथे चिकटत नाही' असं मोजमापासकट सांगायला छाती लागते. त्यांची पत्रं कशी जात, हे मी आईला सांगू शकले नाही. पण पोचली असणार, अशी तिची खात्री झाली आणि डबा निघाला.

आपल्याला आलेलं पार्सल इथे बऱ्याचदा आपल्याला मिळतच नाही. आपण घरी नसलो तर वाटणारा माणूस हाताला लागेल ती बेल दाबतो, जो उघडेल त्याच्याकडे खोकं देतो आणि आपल्या पेटीत त्या शेजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकतो. मी घरून काम करते. त्यामुळे नाताळच्या आधी आमचा बोळ गोदाम होतो. तळमजल्यावरचा तरुण सायकलचे सुटे भाग मागवतो, चौथ्या मजल्यावरचं जोडपं दर आठवड्याला बूट मागवतं आणि परत पाठवतं. संध्याकाळी एकेक जण येतो, आभार मानतो, खोकं घेतो, जातो. चहा घेता का, असं मी विचारलं तर दचकतो. त्यांच्या बुटांचं माप मला ठाऊक आहे, ते पोटापाण्याला काय करतात हे ठाऊक नाही.

नेमकी मी घरी नसताना फराळाचा डबा आला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे उतरला. मी रविवारी मिक्सर लावला म्हणून याच बाईंनी माझ्या दारावर सभ्य शब्दांत चिठ्ठी लावली होती. रविवारची शांतता इथे कायद्यात आहे, आणि शेंगदाण्याच्या चटणीला त्यातून सूट नाही. डबा कोपऱ्यात फाटला होता. बाईंनी तो दोऱ्याने बांधून, खाली ताट ठेवून, हीटरपासून लांब सांभाळला होता. आत खायचं आहे हे वासावरून कळलं, म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं.

आपल्याकडे आधी ओळख होते, मग कामं. इथे आधी काम होतं, आणि ओळख झालीच तर सवडीने. पहिल्या रीतीची ऊब मला अजून हवीशी वाटते. पण दोऱ्याची ती गाठ बघितल्यावर, ओळखीवाचून केलेलं काम कोरडंच असतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

मी त्यांना चकल्या नेऊन दिल्या. त्यांनी ताटली धुऊन, पुसून, रिकामीच परत केली. आईला हे सांगितलं, तेव्हा रिकाम्या ताटलीचा तिला जरा धक्का बसला, पण दोऱ्याचं ऐकून विरघळली. पुढच्या दिवाळीला दोन डबे पाठवणार आहे, एक थेट त्या बाईंच्या नावाने. नावाचं स्पेलिंग बेलवरून नीट उतरवून पाठव, असा हुकूम आहे. कस्टमच्या कागदावर त्यांचं-आपलं नातं काय लिहायचं, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, नातं विचारत नाहीत, 'भेट' या चौकटीत खूण केली की पुरे.