श्रमदान आणि त्याचे छायाचित्र

श्रमदान, म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सार्वजनिक कामासाठी उपसलेले कष्ट, यामागील प्रेरणांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यापासून आरंभ करावा. पाणी फाउंडेशन या संस्थेने श्रमदानातून जलसंधारण करणाऱ्या गावांसाठी घेतलेल्या, २०१६ मधील पहिल्या वॉटर कप स्पर्धेत तेथील वेळू गाव पहिले आले, तर २०१८ मध्ये हा मान माण तालुक्यातील टाकेवाडीला मिळाला. उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले आणि पावसाचे पाणी जागीच मुरवणारे खंदक, ज्यांना सलग समतल चर म्हणतात, ते भर उन्हाळ्यात का खोदले गेले, हे कळण्यास प्रबंधाची गरज नाही, कारण टँकरपुढे लागणारी हंड्यांची रांग ही पुरेशी प्रेरणा असते.

खरे गूढ आहे ते रविवारी शहरातून येणाऱ्या दात्यांचे. ते नव्या टोप्या घालून टिकाव उचलतात, छायाचित्र निघेपर्यंत तो हवेतच धरतात, आणि त्यांनी उकरलेला समतल चर सोमवारी गावकरी खरोखरच समतल करतात. (यजमानांनी खाऊ घातलेले पोहे कोणत्याही दानात मोजले जात नाहीत.)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, तेव्हा ज्यांनी भाकरी थापल्या आणि घराघरांतील चिखल उपसला, त्यांची छायाचित्रे फारशी आढळत नाहीत, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मदतीच्या काही ट्रकांवरील फलकांत मात्र दात्याचा चेहरा तांदळाच्या पोत्यापेक्षा मोठा होता.