सिद्धेश्वरचा मत्स्यवीर

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही आणि बोटींचा धंदाही नाही. तरीही १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला धरणांचे पाणी मात्र बरे आले आहे. पूर्णा नदीवरील येलदरीची भिंत परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात असली, तरी तिच्यातून सोडलेले पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येऊन थांबते, आणि पैनगंगेवरील इसापूरचा जलाशय हिंगोली व यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला आहे. या पाण्यावर मासे धरणाऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. पहिला वर्ग व्यावसायिकांचा, म्हणजे बहुतांशी भोई समाजातील माणसांचा असून, त्यांची मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था तलावाचा ठेका घेते, त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्ले, सोडते आणि पुढे त्यांवर आपला प्रपंच चालवते. दुसरा वर्ग फक्त रविवारी उगवतो, सोबत भरपूर सामान आणतो आणि सहसा मासा नेत नाही. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या वर्गाचे, अर्थात मत्स्यवीराचे आहे.

मत्स्यवीर हा बहुधा शिक्षक, बँकेतला अधिकारी, कृषी सेवा केंद्राचा मालक किंवा हळदीच्या मोंढ्यातला अडत्या असतो. त्याच्या घराण्यात पूर्वी कोणी गळ टाकलेला नसतो, त्यामुळे त्याचे सर्व शास्त्र मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहून तयार झालेले असते, आणि त्याची खरेदीही त्या चित्रफितींतल्या माणसासारखे दिसण्याच्या हिशेबाने झालेली असते. कार्बनच्या धाग्यांची हलकी रॉड, दोरा गुंडाळणारी चकचकीत रीळ, जागोजाग खिसे असलेले बंडीवजा जाकीट, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि पाण्यावरची चकाकी छाटणारा पोलराइज्ड चष्मा एवढा जामानिमा तो अंगावर बाळगतो. यांपैकी चष्मा खरोखर उपयोगाचा आहे, कारण तिरप्या उन्हात पाण्याखाली वीतभर असलेला बाभळीचा जुना बुडखा त्यामुळे दिसू शकतो. परंतु मत्स्यवीर नेमका तोच कपाळावर चढवून ठेवतो, कारण डोळ्यांवर घेतला तर फोटोत चेहरा ओळखू येत नाही.

त्याच्या पेटीतील ल्यूर, म्हणजे खोट्या माशाच्या आकाराची रंगीत आमिषे, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. ल्यूरवर झडप घालतो तो शिकारी मासा, उदाहरणार्थ मरळ. उलट आपल्या जलाशयांत मुख्यत्वे सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे अनुक्रमे वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरात सूक्ष्म जीव, शेवाळ व कुजका पाला खाणारे शांत प्रवृत्तीचे जीव असल्यामुळे, तीनशे रुपयांची लाल-पिवळी मासळी डोळ्यांपुढून गेली तरी ते आपले जेवण सोडून तिच्या मागे लागत नाहीत. दोन तास असे गेल्यावर होडीवाले मामा काही न बोलता कणीक आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून सुपारीएवढी गोळी पुढे करतात, आणि मत्स्यवीर ती "प्रयोग म्हणून" स्वीकारतो.

मात्र या सामानातील सर्वांत अभ्यसनीय वस्तू म्हणजे जीवरक्षक जॅकेट होय. ते त्याच्याकडे असते, ही बाब त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. अशा जॅकेटची उचलण्याची ताकद न्यूटन या एककात मोजतात आणि दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन उचलून धरण्याइतका जोर. पन्नास न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्याला केवळ आधार देते, तर शंभर न्यूटनचे जॅकेट शांत पाण्यात तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या हेतूने बनवलेले असते. मत्स्यवीराला हे आकडे तोंडपाठ असतात. होडीची फळी कठीण असल्यामुळे तो शंभर न्यूटनचे जॅकेट घडी करून त्यावर बसतो.

"साहेब, ते अंगात घाला की," मामा वल्हे मारता मारता म्हणतात.

"काही होत नाही हो मामा, मला पोहता येतं."

"येत असंल. पण असं खाली घेतल्यावर बूडच तरंगल, डोस्कं खालीच राहील."

मत्स्यवीराचे पोहणे गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून झालेले असते, आणि विहिरीच्या पोहण्यात चार हात मारले की धरायला कपार सापडते, ही सोय जलाशयात नसते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. शिवाय पोहायला शिकताना तो चड्डीवर होता. आता त्याच्या पायांत गमबूट आहेत, ज्यांत पाणी शिरले की पाय मारणे अवघड होते, आणि खिशांत शिसाची वजने आहेत. जॅकेट अंगात घालून बक्कल लावले नाही, तर पाण्यात पडताच ते वर सरकून कानांपाशी येते, म्हणून नुसते खांद्यावर अडकवणाराही फारसा पुढे गेलेला नसतो.

आभाळाशी त्याचे नाते याहून नाजूक आहे. मराठवाड्यात एप्रिल ते जून या काळात दुपारनंतर वळीव येतो, आणि त्याच्या आधी सुटणारा वारा उथळ, रुंद जलाशयात काही मिनिटांत लाटा उठवतो. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनीच्या पाण्यात, कुगाव ते कळाशी या नेहमीच्या मार्गावर, अशाच वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. या एका प्रसंगाबाबत विनोद करण्यासारखे काही नाही. विजेच्या संदर्भात मत्स्यवीर अधिक धाडसी ठरतो, कारण कार्बनची रॉड विजेची वाहक असते आणि मोकळ्या पाण्याच्या मधोमध ती उभी धरणारा माणूस हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून काठ आणि काठावरचे पक्के छत गाठावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे, असा सर्वमान्य नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे अॅप त्यासाठीच तयार केले आहे. मत्स्यवीराच्या मोबाइलमध्ये ते असते, पण मोबाइल बॅगेत, बॅग मोटारीत आणि मोटार काठावर असते.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत, म्हणून त्याने आणलेल्या नसतात. गळाच्या टोकाजवळ एक उलटा दात असतो, जो माशाच्या जबड्यातून गळ सुटू देत नाही आणि तितक्याच निष्ठेने माणसाच्या अंगठ्यातूनही सुटू देत नाही. त्यासाठी गळाची तार कापणारी पक्कड, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेत घेतलेले असणे, एवढेच लागते. होडीखाली नायलॉनचे जाळे पसरलेले असते, त्यात पाय अडकला तर पट्टीचा पोहणाराही हतबल होतो, आणि तेव्हा हाताशी लागतो तो साधा धारदार चाकू. त्याच्या महागड्या चाकूत कात्री, करवत, दाढकोरणी आणि बूच काढण्याचा स्क्रू असतो, फक्त पाते उघडायला नख लागते आणि नखे त्याने आदल्या रात्री कापलेली असतात.

मामांना आदर्श म्हणून पुढे करावे, तर तेही सर्वस्वी न्याय्य होणार नाही. एरवी ते थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून एकट्याने जाळे लावतात, तेव्हा जॅकेट त्यांच्याही अंगात नसते; ते घातले की वल्ह्याला हात मोकळा राहत नाही, अशी त्यांची तक्रार असते. त्यांचा बचाव त्यांच्या अनुभवावर उभा आहे आणि वाऱ्याला कोणाचा अनुभव कळत नाही. फरक इतकाच की आभाळ पश्चिमेला काळवंडले की मामा कोणालाही न विचारता होडी वळवतात, आणि मत्स्यवीर त्या वेळी "आणखी एकच कास्ट", म्हणजे आणखी एकदा गळ फेकू द्या, अशी विनंती करीत असतो.

संध्याकाळी संस्थेच्या काट्यावर दीड किलोचा कटला विकत घेतला जातो, रॉडशेजारी धरून त्याचा फोटो निघतो आणि फोटोत जॅकेट प्रथमच अंगावर दिसते. ज्या वाचकांच्या घरी असा मत्स्यवीर असेल, त्यांनी येत्या वाढदिवसाला त्याला नवी रीळ देऊ नये. गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची शिट्टी, पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी आणि बसायला एक वेगळी उशी द्यावी, म्हणजे जॅकेट मोकळे होईल.