कारण लिहा, मग नक्कल

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे दारू कुठे मिळते हे चौकातलं पोरही सांगतं. दारूच्या केसची नक्कल कुठे मिळते, हे मात्र वकिलालाच विचारावं लागतं.

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर म्हणे सगळं आहे. फक्त खटल्याचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक हवा. तो नाही? मग एफआयआरचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि साल द्या. तेही नाही? मग आरोपीचं नाव टाका, पण नोंद करणाऱ्याला त्या दिवशी सुचलेल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये. ‘चौधरी’ किती तऱ्हांनी लिहितात, ते स्वतःच करून पाहा. दर प्रयोगाला नवा कॅप्चा, तो फुकट.

पुढे नक्कल विभाग. पक्षकार असाल तर अर्ज करा, कोर्ट फीचं तिकीट चिकटवा. त्रयस्थाने मात्र कारण लिहायचं आणि न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहायची. माहितीच्या अधिकाराचा धाक घालू नका. प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नियमांनीच मागावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगून ठेवलंय.

कारणाच्या जागी ‘कुतूहल’ नको. ‘मुलीसाठी स्थळ पाहतोय’ लिहून बघा. जिल्ह्यातल्या आर्वी-हिंगणघाटकडे याहून गंभीर कारण कुणाला सुचलेलं नाही.